परतीची खेप

भात लावणीचे दिवस होते. खानापूर तालुक्यातील एका वाडीवर सकाळी सहा वाजता एक वृद्ध शेतकरी तयार होऊन अंगणातल्या कट्ट्यावर बसले होते. डोक्यावर घोंगडीची खोळ आणि मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दवाखान्याची फाईल. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना डायलिसिससाठी, म्हणजे यंत्रावर रक्त शुद्ध करून घेण्यासाठी, बेळगावला जावे लागे. त्या गुरुवारी मात्र गाडी आली नाही. नेहमीचा जीपवाला पहाटेच लावणीच्या बायकांना घेऊन दुसऱ्या गावी गेला होता. दुसरी गाडी मिळेपर्यंत दहा वाजले आणि यंत्रावरची त्यांची पाळी हुकली. "आता सोमवारीच बघू," म्हणून ते घरात गेले.

रविवारी रात्री त्यांना आडवे होता येईना. पाय सुजले, छातीत घरघर सुरू झाली. १०८ क्रमांकावर फोन करून त्यांना तातडीने न्यावे लागले. देवाच्या कृपेने जीव वाचला. पण विचार करा. औषध होते, यंत्र होते, डॉक्टर होते, तारीखही ठरलेली होती. नव्हती ती फक्त गाडी. आजारी माणूस आणि दवाखाना यांच्यामध्ये जो पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता असतो, तोही उपचाराचाच एक भाग आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. हा रस्ता ज्याच्या हाती, त्या चालकाविषयी या वेळी थोडे लिहायचे आहे.

१०८ कशासाठी आणि आपली गाडी कशासाठी?

आजच्या तरुणांना १०८ ची गाडी नेहमीचीच वाटते. पण ती फार जुनी नाही. १५ ऑगस्ट २००५ रोजी ही सेवा हैदराबादेत सुरू झाली. गोव्यात आणि आपल्या कर्नाटकात ती २००८ साली आली, महाराष्ट्रात २०१४ साली. त्याआधी खाट, डोली, बैलगाडी किंवा कुणाची तरी जीप हाच आधार होता. काही ठिकाणी तो अजूनही आहे. जुलै २०२४ मध्ये भीमगड अभयारण्यातील आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडाची डोली करून, भर पावसात, चिखलातून खांद्यावर वाहून मोटारीच्या रस्त्यापर्यंत आणले. ही गोष्ट आपल्याच तालुक्यातली आहे.

१०८ ही सेवा अचानक उद्भवलेल्या संकटासाठी आहे : अपघात, छातीतली कळ, अर्धांगवायू, सर्पदंश, विषबाधा, अडलेले बाळंतपण. अशा वेळी प्रथम १०८ लाच फोन करावा. त्या गाडीत प्राणवायू असतो, शिकलेला मदतनीस असतो आणि पैसे पडत नाहीत. गरोदर बाई व नवजात बाळ यांच्यासाठी १ जून २०११ पासून केंद्र सरकारची वेगळी योजना आहे. तिच्यात सरकारी दवाखान्यात नेण्याची आणि बाळंतिणीला घरी परत पोचवण्याचीही मोफत सोय आहे. आपल्या गावच्या आशाताईकडे तिची चौकशी आधीच करून ठेवावी.

पण दर आठवड्याचे डायलिसिस, महिन्याची मधुमेहाची तपासणी, मोतीबिंदूचे ऑपरेशन, कर्करोगाचे इंजेक्शन, प्लास्टर काढायची तारीख, या गोष्टी अशा तातडीच्या सेवेत बसत नाहीत. आणि रोग्याचे बहुतेक आयुष्य तर याच तारखांवर चालते. येथे गावचा चालकच लागतो.

न्यायला सगळे, आणायला कोण?

आमच्या ओळखीचे एक चालक आहेत. पूर्वी ते वडापची जीप चालवत. आता त्यांच्या बहुतेक खेपा दवाखान्याच्याच असतात. त्यांना एकदा विचारले, "या कामात सर्वांत कठीण काय?" वाटले, रात्रीचा रस्ता म्हणतील, नाहीतर पावसाळ्यातला जांबोटीचा घाट म्हणतील. ते म्हणाले, "फादर, न्यायला समदे तयार असतात. घाई असती, रडारड असती, शेजारी बी उठून येतात. आणायच्या वेळी कोण नसतंय. आणि पेशंट खरा दमतो तो येताना."

हे बोल मनात ठेवण्यासारखे आहेत. जाताना रोग्याच्या अंगात थोडे बळ असते आणि मनात आशा असते. परतताना तो उपाशी असतो, इंजेक्शनाने गुंगलेला असतो, पट्टीने एक डोळा झाकलेला असतो, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या आजाराचे ओझे मनावर असते. अशा वेळी त्याला एस.टी. स्टँडवर उभे करून वडापच्या गर्दीत कोंबणे म्हणजे सकाळी केलेल्या उपचारावर संध्याकाळी पाणी ओतणे. कित्येक जण पुढच्या तारखेला जाणे टाळतात ते औषधाला भिऊन नव्हे, तर मागच्या वेळच्या परतीला भिऊन. म्हणून दवाखान्याची गाडी ठरवताना जाण्याची, थांबण्याची आणि येण्याची अशी तिन्ही बोलणी एकदमच करावीत.

जसा रोगी, तशी काळजी

चालकाने डॉक्टर होऊ नये. पण कोणत्या रोग्याला काय चालते आणि काय चालत नाही, एवढे त्याला ठाऊक असावे.

डायलिसिसचा रोगी : यंत्रावर साधारण चार तास लागतात. बहुतेकांना आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा जावे लागते. यंत्रावरून उतरल्यावर रक्तदाब खाली येऊन चक्कर येऊ शकते. म्हणून त्याला हाताला धरून गाडीत बसवावे आणि स्वतः मोटारसायकल चालवत घरी जाऊ देऊ नये. ज्या हाताच्या शिरेत सुया टोचतात तो हात ओढू नये, दाबू नये, त्यावर पिशवीही अडकवू नये. त्या जागेतून रक्त वाहू लागले तर स्वच्छ फडक्याने बरोबर त्याच जागी बोटांनी दाबून धरावे, मध्येच उघडून पाहू नये. थांबत नसेल तर गाडी दवाखान्याकडे वळवावी.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. उन्हात दमलेल्या रोग्याला चालक मायेने शहाळे पाजतो. इतरांना ते अमृत आहे. पण डायलिसिसच्या रोग्याला ते घातक ठरू शकते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम नावाचा क्षार पुष्कळ असतो. निकामी मूत्रपिंडे तो बाहेर टाकू शकत नाहीत. रक्तात तो फार वाढला तर हृदयाचे ठोके बिघडून हृदय बंदही पडू शकते. केळ्याचेही तसेच. साधे पाणीसुद्धा अशा रोग्याला मोजूनच प्यायचे असते. तेव्हा माया करावी, पण विचारून करावी.

मधुमेहाचा रोगी : रक्त तपासणीसाठी तो बहुधा उपाशीपोटी निघतो. वाटेत त्याला दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरले, तो असंबद्ध बोलू लागला, तर रक्तातली साखर उतरली असे समजावे. शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा गूळ द्यावा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवून जवळचा दवाखाना गाठावा. गाडीत साखरेची पुडी कायम असावी.

गरोदर बाई : आडवे व्हायचे असेल तर डाव्या कुशीवर. बसली असेल तर पट्टा पोटावरून नको. त्याची खालची बाजू पोटाखालून, मांड्यांच्या वरून घ्यावी. खड्ड्यांच्या रस्त्यावर बैलगाडीच्या चालीने गेले तरी चालेल.

दम लागलेला रोगी : त्याला आडवे करू नये. उशा लावून, पाय खाली सोडून ताठ बसवावे. पायांवर सूज असणारे हृदयाचे रोगी आडवे केले की अधिकच गुदमरतात.

क्षयाचा किंवा खोकल्याचा रोगी : दोन्ही बाजूंच्या काचा खाली कराव्यात, रोग्याने व चालकाने तोंडाला फडके किंवा मास्क बांधावा. कर्करोगाचे औषध चालू असलेल्याची रोगाशी झगडण्याची शक्ती उणावलेली असते. म्हणून या दोघांना कधीही एका खेपेत नेऊ नये.

शेतातून थेट गाडीत

सर्पदंश आणि फवारणीच्या औषधाची विषबाधा ही दोन संकटे शेतकऱ्याच्या घरी न सांगता येतात. १०८ ला वेळ लागणार असेल तर गावचीच गाडी धावते.

सर्पदंशात दंशाच्या वर दोरी आवळू नये, ब्लेडने चिरू नये, तोंडाने ओढू नये. ज्या पायाला किंवा हाताला साप चावला तो काठी लावून सैलसर बांधावा आणि हलू देऊ नये. माणसाला चालवू नये. अंगठी, पैंजण, कडे काढून टाकावे. साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी एकच लस आपल्याकडे वापरतात. मात्र ती लस ज्या दवाखान्यात आहे तेथेच थेट जावे. निघतानाच फोन करून विचारावे. मण्यारीच्या दंशात वेदना फार नसते, पण पुढे पापण्या जड होतात आणि श्वास थांबतो. म्हणून "झोप लागली" असे समजून गाफील राहू नये.

फवारणीचे औषध अंगावर सांडले किंवा पोटात गेले तर औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर घ्यावी. डॉक्टरांना उतारा ठरवायला ती लागते. भिजलेले कपडे काढून अंग पाण्याने धुवावे. हाताळणाऱ्याने हातात प्लास्टिकची पिशवी चढवावी. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. डाव्या कुशीवर निजवावे आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात.

अर्धांगवायूत, म्हणजे तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोबडी वळणे, अशा वेळी घड्याळ पाहून वेळ टिपून ठेवावी. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून मेंदूचा स्कॅन होतो असाच दवाखाना गाठावा.

अपघातात सापडलेल्याला उचलायला आपले लोक पोलिसांच्या भीतीने कचरतात. ती भीती आता सोडावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याच्या बाजूने नियम मान्य केले आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ साली तसे कलमच आले. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर त्यापायी खटला होत नाही आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

गाडी आणि कागद

दवाखान्याच्या गाडीला झगमगाट नको. टायर, ब्रेक, दिवे आणि पावसाळ्यात वायपर हे चार ठीक असले म्हणजे झाले. जीपची पायरी उंच असते. म्हातारी माणसे तिथेच अडखळतात. एक भक्कम लाकडी पाट गाडीत ठेवला तर फार उपयोग होतो. त्याबरोबर विजेरी, पाण्याची बाटली, चादर, उलटीसाठी पिशव्या, स्वच्छ फडकी, दोरी आणि एक छत्री. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून रोगी नेऊ नये.

पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने चालवणे कायद्यात बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि मग रोगी व चालक दोघांचीही घरे बुडतात. भाडे घ्यायचे असेल तर गाडीला पिवळी पाटी आणि परवाना हवा. चालकाच्या परवान्याबद्दल पुष्कळांचा गोंधळ असतो. साडेसात हजार किलोपर्यंतच्या प्रवासी गाडीसाठी हलक्या वाहनाचा साधा परवाना पुरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. पण गाडीचा परवाना आणि विमा यांना त्यामुळे सूट मिळालेली नाही.

आणखी एक परवाना असा आहे की जो कोणत्याही कचेरीत मिळत नाही. गाडीत चालकाच्या कानांवर पुष्कळ गोष्टी पडतात. कुणाला कोणता रोग निघाला, कुणाचा मुलगा पैसे पाठवत नाही, कोण रडले. पापनिवेदनात ऐकलेले जसे धर्मगुरू बाहेर बोलत नाही, तसे गाडीत ऐकलेले गाडीतच राहावे. ज्या चालकाचे तोंड सैल, त्याच्या गाडीत रोगी आपला आजार लपवू लागतो.

चालकाच्या पोटाचे काय?

या साऱ्या उपदेशाला एक बाजू आहे आणि ती न बोलणे अन्याय होईल. दवाखान्यात चार-पाच तास गाडी उभी करणे चालकाला परवडत नाही. तेवढ्या वेळात वडापच्या दोन खेपा होतात. त्या लावणीच्या दिवशी जीपवाला आला नाही, तो दुष्ट होता म्हणून नव्हे. वर्षातले चार पैसे मिळायचे दिवस तेच होते. त्याचीही मुले शाळेत जातात. मग दोष कुणाचा? दोष कुणा एकाचा नाही. व्यवस्थाच नव्हती, हे खरे.

व्यवस्था करणे गावाच्या हातात आहे. आपल्याकडे पैऱ्याची जुनी रीत आहे. आज तुझ्या शेतात माझी माणसे, उद्या माझ्या शेतात तुझी. हाच पैरा गाडीला का लावू नये? ज्या घरच्या रोग्याला चालकाने नेले-आणले, त्या घरातून लावणीच्या किंवा कापणीच्या वेळी एक माणूस एक दिवस चालकाच्या शेतात जाईल. डिझेलचे पैसे रोखीने आणि थांबण्याचे मोल श्रमाने. ज्याच्याजवळ रोकड नाही, त्यालाही मग मान खाली घालावी लागणार नाही.

त्याच्या जोडीला काही साध्या गोष्टी कराव्यात. धर्मग्रामात एक वही ठेवावी. रविवारच्या मिस्सानंतर पुढच्या आठवड्याच्या तारखा तिच्यात लिहाव्यात. एकाच दिशेला जाणारे, एकमेकांना अपाय न करणारे दोन-तीन रोगी एका खेपेत बसवावेत. डायलिसिसची पाळी गाडीच्या वेळेशी जुळवून मिळेल का, हे दवाखान्यात विचारावे. पुष्कळदा मिळते, आपण विचारत नाही एवढेच. लावणी, काजू आणि ऊसतोड या हंगामांत गाड्या गुंततात. म्हणून त्या महिन्यांच्या तारखा आधीच बांधून घ्याव्यात. आणि एका चालकावर भार टाकू नये. दोघे असावेत. रात्रभर जागलेल्या चालकाला पहाटे पुन्हा उठवणे म्हणजे रोग्याबरोबर त्याचाही जीव धोक्यात घालणे. डोळे जड झाले तर गाडी बाजूला घेऊन पंधरा मिनिटे झोपावे; उशीर झाला म्हणून रागावणारा नातेवाईक चालेल, पण दरीत गेलेली गाडी चालणार नाही.

"आमच्या गावी एवढे कोण करणार?" असे कुणी म्हणेल. पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात करीमुल हक नावाचे एक चहामळ्यातले मजूर आहेत. १९९५ साली गाडी मिळाली नाही म्हणून त्यांची आई उपचाराविना घरीच वारली. पुढे एक सोबती मजूर कामावर कोसळला, तेव्हा त्याला आपल्या पाठीशी बांधून त्यांनी मोटारसायकलवरून दवाखान्यात नेले. तेव्हापासून आसपासच्या गावांतल्या हजारो रोग्यांना त्यांनी मोटारसायकलवरून फुकट पोचवले आहे. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मजुराच्या पगारात एक माणूस एवढे करू शकला. आपण तर अख्खे धर्मग्राम आहोत.

वाचकहो, दयाळू शमरोनीचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. जखमीला उचलून त्याने आपल्या जनावरावर बसवले, एवढेच आपल्याला आठवते. पण संत लूकच्या दहाव्या अध्यायातली ती गोष्ट पुन्हा वाचून पाहा. तो रात्रभर उतारशाळेत थांबला. दुसऱ्या दिवशी त्याने पैसे देऊन काळजी घेण्यास सांगितले, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असा शब्द दिला. नेणे, थांबणे आणि पुन्हा येणे, हे तिन्ही त्या दाखल्यात आहे. आपण मात्र पहिल्यावरच थांबतो.

ते वृद्ध शेतकरी आता सोमवारी आणि गुरुवारी नियमाने जातात. दोन चालक आळीपाळीने येतात. यंदाच्या लावणीला चालकाच्या तुकड्यात त्यांची सून आणि नातू दिवसभर वाकून रोपे लावत होते. बांधावर खुर्ची टाकून आजोबा छत्रीखाली बसले होते. जाताना त्यांना विचारले, "कसं काय, मामा?"

ते म्हणाले, "गाडीचं भाडं फेडतोय, फादर."